ओहोटीच्या वेळी खडपावर

चिपळूणला समुद्र नाही, भरती मात्र आहे. गोवळकोटच्या धक्क्यावर थोडा वेळ थांबलं की वाशिष्ठीचं पाणी खाली जायचं थांबतं आणि उलट चढू लागतं, हे आमच्या गावात लहान मुलांनाही ठाऊक असतं. प्रत्यक्ष समुद्र पंचेचाळीस किलोमीटरवर, गुहागरला. मी जीवशास्त्र शिकवलं, आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंतच्या कोरड्या दिवसांत मुलांना घेऊन त्या बाजूला जात आले. पुळणीवर नव्हे, तर हेदवी, वेळणेश्वर, पालशेत, अंजनवेल इथल्या काळ्या खडपांवर. गुहागरच्या लांबलचक पुळणीवर माणसांची गर्दी असते, आणि तिच्या टोकाला खडक सुरू झाले की बहुतेक जण माघारी वळतात. कासवांसाठी चिपळूणच्याच सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ साली वेळासला काम सुरू केलं, आणि आता कासवाचं पिल्लू पाण्याकडे जाताना पाहायला लांबलांबून लोक येतात. खडपावरच्या जिवांना तेवढी माया अजून मिळालेली नाही. ती मिळावी असं मला फार वाटतं, म्हणून इतक्या वर्षांत जे कळलं ते लिहून काढते आहे.

१. भिंतीवरचं कॅलेंडर पाहिल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये.

खडप दिवसातून दोनदा उघडं पडतं, पण रोज सारखं नाही आणि रोज त्याच वेळेलाही नाही. आपल्या किनाऱ्यावर याचं जुनं गणित आहे: तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तो आकडा पूर्ण भरतीच्या वेळेचा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास आणि पुन्हा पहाटे तीनच्या सुमारास भरती. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो आणि पाणी त्याच्या मागोमाग चालतं, म्हणून हा हिशेब जुळतो. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पाउणकी पाठ असलेल्या पिढीला यासाठी कागदही लागत नसे. आताच्या मुलांना मी कालनिर्णयवरची तिथी दाखवून तोंडी करायला लावते.

मात्र नुसती वेळ कळून भागत नाही, पाणी किती ओसरणार हेही कळावं लागतं. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी चढतं खूप आणि उतरतंही खूप. अष्टमी-नवमीला भांगाची भरती. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, आणि खालचं खडप दिसतच नाही. ऐन पौर्णिमेला ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला येते, अंधारात. द्वितीया-तृतीयेला ती साडेसात ते साडेआठच्या दरम्यान येते, उधाणाचा जोरही पुरता टिकून असतो, आणि उजेड मिळतो. म्हणून शाळेच्या मुलांसाठी तृतीया.

हे गणित आपल्या कोकणापुरतं आहे. पूर्व किनाऱ्यावर ते लागू नाही, आणि इथेही अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. त्यामुळे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी वेळ ताडून घ्यावी. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या खोल नसतात; तक्त्यात उंची दिलेली असते, ती पाहून दोन्हींतली खोल निवडावी.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना सांगावी लागते. पाणी एका लयीत चढत नाही. सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढंच येतं, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. सुरुवातीची सुस्ती पाहून माणूस निर्धास्त होतो आणि मागची वाट बुडालेली त्याला दिसत नाही. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोचावं, उतरत्या पाण्याबरोबर खाली जावं, आणि पाणी वळलं की आपणही वळावं.

२. खडपावर उंची म्हणजे वेळ.

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे एवढं लक्षात ठेवा. हेदवीला उमा-महेश्वराच्या देवळाजवळून खडपावर उतरावं. जवळच बामणघळ आहे, भरतीला तिच्यातून पाण्याचा स्तंभ उसळतो आणि तो पाहायला लोक जमतात. मी मुलांना नेमकी उलट वेळ साधून नेते. घळीपासून दूर, पायांना धोका नसलेल्या उतारावर एक उभा खडक निवडायचा आणि त्याच्याकडे वरून खाली पाहायचं.

सर्वांत वर, जिथे उधाणाचे नुसते तुषार पोचतात, तिथे वाटाण्याहून लहान शंख भेगांतून चिकटलेले असतात. पहिल्यांदा ते मेलेलेच वाटतात. एप्रिलच्या दुपारी तो कातळ हात ठेवू देत नाही इतका तापतो, आणि हा जीव तिथे दिवसचे दिवस पाण्यावाचून राहतो. तो शंखाचं दार आतून घट्ट लावून घेतो, शंखाची कड चिकट स्रावाच्या टिपक्यानं खडकाला जोडतो आणि अंग दगडापासून उचलून धरतो, म्हणजे दगडाची ऊब आत फार शिरत नाही.

त्याच्या खाली करड्या-पांढऱ्या खरखरीत टेकड्यांचा पट्टा लागतो. ते बार्नॅकल. त्यांना रोज भरतीचं पाणी मिळतं, पण थोडाच वेळ. आणखी खाली कालवं, एकमेकांच्या अंगावर चढून बसलेली, धारदार कडांची. मग ओल टिकणाऱ्या कपारींत हिरवं शेवाळ, शिनाणे, समुद्रफुलं. अगदी तळाशी, जे महिन्यातून मोजके दिवसच उघडं पडतं, तिथे तपकिरी सरगॅसम, रंगीत स्पंज, झोअँथिडचे (समुद्रफुलांच्या भाऊबंदांचे) मऊ गालिचे, कुठेकुठे तळहाताएवढं प्रवाळ. या सगळ्या उताराची उंची फार नसते. आपल्याकडे उधाणाच्या दिवशी पाण्याची चढउतार दोन-अडीच मीटरची. तेवढ्या उंचीत पाण्याबाहेर राहण्याचे तास शून्यापासून जवळजवळ चोवीसपर्यंत बदलतात. वीतभर वर किंवा वीतभर खाली गेलं की वेगळं हवामान लागतं.

मुलं लगेच विचारतात, मग सगळेच खाली का राहत नाहीत, जिथे पाणी जास्त मिळतं? हाच प्रश्न जोसेफ कॉनेल नावाच्या शास्त्रज्ञानं स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बार्नॅकलच्या दोन जातींबद्दल विचारला. वरच्या पट्ट्यात राहणारी लहान जात खालीही उत्तम जगू शकते, पण खालची मोठी जात तिला उचकटून, चिरडून, झाकून टाकते, असं त्यानं जागा मोकळी करून करून दाखवलं. ते काम १९६१ मध्ये छापून आलं. वरची हद्द ऊन आखतं आणि खालची हद्द शेजारी आखतात. आपल्याकडच्या जाती वेगळ्या आहेत, पण पट्टे तसेच पडतात आणि खालचे शेजारी तितकेच निष्ठुर असतात. रिकामं कालव उचलून पाहा. पुष्कळदा त्यात टाचणीनं पाडल्यासारखं गोल, स्वच्छ भोक दिसतं. एका मांसाहारी शंखानं कवच स्रावानं मऊ करून, दातांच्या पट्टीनं कोरून आतलं मांस खाल्लेलं असतं. जितकं खाली जावं तितका या शंखाला वेळ जास्त मिळतो. म्हणून वरचं ऊन सोसणं परवडतं.

हे एकदा समजलं की खडपावर कुठलाही जीव नुसता "तिथे" दिसत नाही. तो तिथेच का आणि हातभर वर का नाही, हा प्रश्न आपोआप पडतो.

३. बसावं.

चालत राहणाऱ्याला खडप रिकामं दिसतं, कारण सावली पडली की सगळे लपतात. एक डबकं निवडून त्याच्या काठाशी, सावली पाण्यावर पडणार नाही असं बसावं आणि बोलणं बंद करावं. थोड्या वेळानं तळातला एक "दगड" डोळे फिरवतो. तो मासा असतो. काचेसारख्या पारदर्शक कोळंब्या पुढे सरकतात. शंख चालू लागतो, पण गोगलगाईच्या चालीनं नाही, तुरुतुरु. आत शंखातला खेकडा असतो. समुद्रफूल मिटलेलं असेल तर उमलतं. मुलांची एक तुकडी एका डबक्याजवळ शांत बसली तर तिची यादी अख्खं खडप पालथं घालणाऱ्या तुकडीपेक्षा लांब होते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

४. उलटलेला दगड होता तसा परत ठेवावा.

यावर मी कडक आहे आणि राहणार. सुट्या दगडाच्या खालच्या बाजूला अंधारात जगणाऱ्यांची वस्ती असते: स्पंजाचे थर, नळीत राहणारे कृमी, चपटे खेकडे, ठिसूळ हातांचे तारामाशांचे नातलग, कुणाकुणाची अंडी. वरच्या बाजूला उजेडावर जगणारं शेवाळ. दगड उलटा सोडला तर दोन्ही बाजू मरतात: खालचे उन्हानं, वरचं काळोखानं. एका दगडावर पुन्हा तशी वस्ती बसायला अनेक महिने जातात. दगड उचलायचाच असेल तर आपल्याकडे हळू कलता करावा, क्षणभर पाहावं, आणि ज्या खोबणीत होता त्याच खोबणीत, त्याच बाजूनं, एकही जिवंत प्राणी चिरडणार नाही असा टेकवावा. पावलाहून मोठा दगड मुळीच हलवू नये.

५. जो हलत नाही त्याला भिंग लावून पाहावं.

डार्विननं १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं बार्नॅकलवर घालवली. "ओरिजिन ऑफ स्पीशीज" हे पुस्तक त्यानंतर आलं. एवढ्या मोठ्या माणसाला त्या करड्या टेकाडात काय दिसलं, ते कळायला साधं दहापट दाखवणारं भिंग पुरतं. पाण्यात बुडालेलं बार्नॅकल शोधा. माथ्यावरची दोन दारं उघडतात आणि आतून पिसासारखे पाय बाहेर येऊन पाणी झाडतात, आत ओढतात, पुन्हा झाडतात. ते पाय म्हणजे त्याचं जेवणाचं साधन.

फार काळ त्याला शिंपल्यांच्या वर्गात घालत. १८३० च्या सुमारास जॉन व्हॉन टॉम्प्सननं त्याची पिल्लं पाहिली आणि हा कोळंबी-खेकड्यांचा भाऊबंद आहे हे दाखवलं. पिल्लू पोहत येतं. जागा निवडण्यासाठी खडकावर चालून पाहतं, चाचपतं. आधीच बसलेल्या आपल्या जातीच्या बार्नॅकलांचा रासायनिक माग त्याला लागतो आणि ते त्यांच्या शेजारीच मुक्काम करायचं ठरवतं, कारण पुढे जोडीदारही तिथेच मिळणार. मग ते डोकं खाली टेकवून सिमेंटसारख्या स्रावानं कायमचं चिकटतं, भोवती चुन्याच्या भिंती उभारतं आणि उरलेलं आयुष्य डोक्यावर उभं राहून पायांनी खातं. जागा एकदाच निवडायची असते. पाण्याबाहेरचे तास किती सोसवतील हे त्या सूक्ष्म पिल्लाला आधीच जोखावं लागतं. मला यापुढे काही मोठं वाटत नाही.

त्याच्या शेजारी शंकूसारख्या कवचाचा लिंपेट बसलेला असतो. दगड ओला असताना तो चरायला निघतो, खडकावरचा शेवाळाचा पातळ थर खरवडतो, आणि अनेक जातींचे लिंपेट कोरडं पडण्याआधी नेमके आपल्या जागेवर परत येतात. तिथे दगडाला त्यांच्या कवचाच्या मापाची खाच पडलेली असते, त्यामुळे ओल आत राहते. या प्राण्याच्या दातांत गोएथाइट नावाच्या लोहखनिजाचे तंतू असतात. २०१५ मध्ये पोर्ट्समथ विद्यापीठातल्या संशोधकांनी ते दात कोळ्याच्या धाग्यापेक्षाही ताण सोसणारे असल्याचं मोजून दाखवलं. गंमत म्हणून त्याला नखानं उपटू नये. खाचेतून सुटलेला लिंपेट दुसरीकडे ठेवला तर उन्हात वाळतो.

६. शेवाळ ऋतूवर चालतं, म्हणून एकाच खडपाला वेगवेगळ्या महिन्यांत भेटावं.

पावसाळ्यात नद्यांचा गाळ समुद्रात येतो, पाणी गढूळ होतं, लाटा खडक धुऊन काढतात. आश्विनात पाणी निवळू लागतं, उजेड तळापर्यंत पोचतो, आणि खडप भराभर रंगतं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा भर. हिरवं उल्वा, ज्याचं पान अवघ्या दोन पेशींच्या जाडीचं असतं. पंख्यासारखं पडीना, ज्याच्या कडेला चुन्याची पांढरी रेघ. लालसर फांद्यांचं ग्रॅसिलेरिया. आणि खालच्या हद्दीवर सरगॅसम, हवेच्या बारीक फुग्यांवर तरंगून उजेडाकडे ताठ उभं राहणारं. चैत्र-वैशाखात वरचं शेवाळ उन्हानं पांढरं पडून झडतं.

शेवाळाला मूळ नसतं, पकड असते. ती दगड धरून ठेवते. अन्न सगळं अंग पाण्यातून घेतं. मुलं पान ओढतात आणि पकडीसकट अख्खी वनस्पती हातात येते. नमुना लागलाच तर कात्रीनं वरचा भाग घ्यावा, पकड तशीच सोडावी, आणि पुळणीवर वाहून आलेलं मिळत असेल तर खडकावरचं तोडूच नये. सरगॅसम पुष्कळ वाहून येतं.

याच्या उलट चालणारं एक शेवाळ आहे, आणि माझा जीव त्याच्यावर आहे. पॉर्फिरा. ते ऐन पावसात कोकणातल्या वरच्या खडकांवर उगवतं, जांभळट-तपकिरी, ओल्या रेशमी पातळ पानांचं, आणि पाऊस सरला की दिसेनासं होतं. जपानी लोक ज्याची नोरी करून भाताभोवती गुंडाळतात, त्याच कुळातलं. उरलेले महिने ते कुठे जातं, याचं उत्तर जपानी शेतकऱ्यांनाही कित्येक पिढ्या माहीत नव्हतं. पीक येईल की नाही हे दैवावर होतं. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये कॅथलीन ड्र्यू-बेकर हिनं ते शोधलं. तोवर वेगळीच वनस्पती समजली जाणारी गुलाबी धाग्यांची एक जात रिकाम्या शिंपल्यांच्या चुन्यात घर करून राहते. ती पॉर्फिराचीच दुसरी अवस्था निघाली. जपानमध्ये त्यावरून शिंपल्यांवर बी धरायला सुरुवात झाली आणि नोरीची शेती पक्की उभी राहिली. ती बाई जपानला कधी गेली नाही, १९५७ मध्ये वारली. तिथल्या मच्छीमार-शेतकऱ्यांनी १९६३ मध्ये तिचं स्मारक उभारलं, आणि दरवर्षी १४ एप्रिलला तिथे तिची आठवण केली जाते.

ही हकिगत मी वर्गात सांगते तेव्हा मुलींचे चेहरे बदलतात. दुसरी हकिगत स्वयंपाकघरातली. आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो ते अगर लाल शेवाळातून येतं. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जिलेटिन वापरत, ते उबेत वितळून जाई. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेस यांची पत्नी फॅनी घरी जेली करायला अगर वापरत असे. तिनं ते सुचवलं. आजही रुग्णालयातल्या जंतू-तपासणीच्या बशीत अगर असतं.

७. रिकामा शंखही तिथेच असू द्यावा.

रिकाम्या शंखाची वाट पाहणारे असतात. शंखातल्या खेकड्याचं पोट मऊ असतं, ते झाकायला तयार शंख लागतो, आणि वाढत गेला की मोठा लागतो. मोठा मिळाला नाही तर त्याची वाढ खुंटते. वर सांगितलेलं पॉर्फिरा तर रिकाम्या शिंपल्यातच वर्षाचा मोठा भाग काढतं. पिशवीभर शंख घरी येतात, महिनाभर कपाटावर राहतात आणि मग केरात जातात. मला ते पाहवत नाही.

जिवंत तारामासा तर अजिबात आणू नये. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रॉबर्ट पेननं १९६३ पासून एका खडपाच्या तुकड्यावरचे तारामासे उचलून पाण्यात दूर फेकले, पुन्हा पुन्हा. शिंपल्यांना खाणारा कुणी उरला नाही, शिंपल्यांनी सगळी जागा बळकावली, आणि तिथल्या पंधरा जातींच्या आठ झाल्या. एक शिकारी गेला की इतरांच्या जागा जातात. प्रवाळ आणि समुद्रकाकडी यांना तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षण आहे. तुकडा उचलणं हा गुन्हा ठरतो, हे मुलांच्या पालकांनाही सांगावं लागतं.

८. कालवं काढणाऱ्या बायांना विचारावं.

उधाणाच्या दिवसांत खडपावर आपल्या आधी त्या पोचलेल्या असतात. हातात टोकदार लोखंड, कमरेला किंवा बाजूला भांडं. एका ठोक्यात वरचं कवच उडतं, आतलं मांस भांड्यात, खालचं कवच खडकालाच. ते खालचं कवच राहणं महत्त्वाचं आहे, कारण कालवाची पोहणारी पिल्लं जुन्या कालवाच्या कवचावर बसणं पसंत करतात. पुढचं पीक तिथेच धरतं. कुठल्या कपारीत कालव भरलेलं मिळेल, कुठे पाण्याची ओढ वाईट आहे, कुठला खडक गेल्या पावसात सरकला, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. एकदा माझ्या एका विद्यार्थिनीनं म्हटलं, "मावशी, ही बारकी पण काढा की." त्या म्हणाल्या, "मग फुडच्या उधानाला काय काढू, बाय?"

मी मुलांना त्यांच्याशी बोलायला पाठवते ते आधी नमस्कार करून, आणि त्यांच्या कामाची वेळ मोडणार नाही असं. ओहोटीचे ते दोन-तीन तास त्यांची कमाई असतात. फोटो काढायचा तर विचारून.

९. पाय आणि हात.

थोडक्यात सांगते. समुद्राकडे पाठ करून बसू नये. पावसाळ्यात, आणि वारा असताना केव्हाही, खडपावर उतरू नये. बामणघळीच्या तोंडाशी तर भरतीला मुळीच जाऊ नये. चपला नकोत, बंद बूट हवेत. हिरवं दिसलं की निसरडं समजावं. कालवाच्या कडेनं कापलं तर तिथल्या तिथे स्वच्छ गोड्या पाण्यानं धुवावं आणि जखम चिघळली तर डॉक्टरांना खडपावर कापल्याचं सांगावं. शंकूच्या आकाराचा सुंदर नक्षीचा शंख जिवंत असेल तर हात लावू नये, त्याचा डंख विषारी असतो. झोअँथिडच्या गालिच्याला बोट लावून तेच बोट डोळ्याला लावू नये.

१०. चिपळूणचं पाणी शेवटी खडपावरच जातं.

वाशिष्ठी दाभोळच्या खाडीतून अंजनवेलजवळ समुद्राला मिळते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा पौर्णिमा तोंडावर होती, उधाणाचे दिवस होते; वरून लोंढा आणि खालून भरती, पाण्याला जायला वाट नव्हती. २६ जुलै २००५ चा पूरही आमच्या घराघरांत तारखेनं लक्षात आहे. आम्ही पुराची उंची भिंतीवर मोजतो. तेच पाणी पुढे खाडीच्या मुखाशी जातं तेव्हा तिथल्या जिवांचं काय होतं, हे चिपळूणमध्ये फारसं बोललं जात नाही.

गोडं पाणी हे खडपावरच्या जिवाला उन्हाइतकंच जड असतं. कालवं आणि बार्नॅकल दारं लावून घेतात आणि खारं पाणी परत येण्याची वाट पाहतात. काही दिवस निभतं. गोड्या पाण्याचा मुक्काम लांबला, किंवा त्याबरोबर गाळ येऊन बसला, की आतला जीव गुदमरतो. कालव पाणी गाळून खातं, गाळ असेल तर गाळ गाळत बसतं. डोंगर उघडे पडले, माती सुटली की त्याचा हिशेब खाली कालवाला चुकवावा लागतो.

आणि मातीबरोबर बाकीचंही येतं. अंजनवेलच्या कपारींत थर्माकोलचे गोळे, दुधाच्या पिशव्या, तुटलेल्या जाळ्यांचे गुंते अडकलेले असतात. त्यांत चिपळूणचा पत्ता छापलेली पिशवी मुलांनी काढून दाखवली आहे. जाळ्याचा तुकडा खडकाला अडकला की दर भरतीला मागेपुढे घासत राहतो आणि त्याच्या टप्प्यातलं शेवाळ, बार्नॅकल सगळं खरवडून नेतो. म्हणून आमच्या सहलीत परतताना प्रत्येकानं जाळ्याचा एक तरी गुंता सोडवून वर आणायचा असतो. गुंता कापण्याआधी त्यात जिवंत खेकडा नाही ना, हे पाहावं लागतं.

११. वही ठेवावी, आणि तिच्यात आकडे असावेत.

मुंबईत २०१७ पासून "मरीन लाइफ ऑफ मुंबई" या उपक्रमात सामान्य नागरिक ओहोटीला खडकांवर जाऊन दिसेल ते नोंदवू लागले, आणि एवढ्या गजबजलेल्या शहराच्या किनाऱ्यावर केवढं जगतं ते लोकांना प्रथमच फोटोंसकट दिसलं. गुहागरच्या किनाऱ्याला हे व्हायला हवं, आणि ते चिपळूण-गुहागरच्या शाळा करू शकतात. आधी एकदा रत्नागिरीला झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय मुलांना दाखवावं, म्हणजे नावं डोळ्यांखालून जातात.

साधन साधं आहे. प्लास्टिकच्या नळीची अर्धा मीटर बाजूची चौकट. खडपावर तीन उंच्या ठरवायच्या: बार्नॅकलचा पट्टा, कालवांचा पट्टा, शेवाळाचा पट्टा. तीच जागा पुन्हा सापडावी म्हणून जवळच्या ठळक खुणेपासून दोरीनं अंतर मोजून लिहायचं. चौकट टाकायची, वरून सरळ फोटो घ्यायचा, जिवंत कालवं किती आणि रिकामी किती ते मोजायचं, शेवाळानं किती हिस्सा झाकला ते अंदाजानं लिहायचं. तारीख, तिथी, वेळ, पाण्याची स्थिती. ओळख पटली नाही तर नाव ठोकून देऊ नये. "करडा शंख, नखाएवढा, भेगेत" असं लिहिलं तरी पुढे जाणकाराला पुरतं. वर्षातून दोनदा, एकदा कार्तिक-मार्गशीर्षात आणि एकदा वैशाखात, पाऊस लागायच्या आधी.

वैशाखातली फेरी उन्हाची म्हणून शाळा टाळतात, पण तीच सोडून चालत नाही. पुढच्या पुरानंतर किती कालवं मेली हे सांगायचं तर पुराआधीचा आकडा हातात असावा लागतो. वैशाखात पौर्णिमेनंतरच्या तृतीयेला ओहोटी सकाळी आठच्या आसपास असते. चिपळूणहून पहाटे साडेचारला निघालं तर वेळणेश्वरचं काम ऊन चढायच्या आत आटोपतं.